सदाफुलीची तीन पानं रोज अनशापोटी : चालू ठेवावीत का?

अबोली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते.

माझ्या सासूबाई साताऱ्याला असतात. वय ७१, मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्या चालू. मागच्या दिवाळीपासून त्या रोज सकाळी अनशापोटी अंगणातल्या सदाफुलीची तीन पानं चावून खातात. शेजारच्या आजींनी सांगितलं, साखर उतरते म्हणून. आम्हाला हे परवा गावी गेल्यावर कळलं.

कळलं तेही लेकीमुळे. ती सातवीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी दारातल्या झाडांची कुळं शोधताना तिला सापडलं की सदाफुली, कण्हेर, देवचाफा, तगर आणि करवंद ही सगळी एकाच कुळातली. तिने आजीला सरळ विचारलं, "कण्हेर खाल्लं तर माणूस मरतं ना? मग तिची बहीण कशी खातेस?" आजींना हसू आलं, माझ्या मात्र पोटात गोळा आला.

तर प्रश्न दोन. ही पानं चालू ठेवावीत का? आणि लेकीचा प्रश्न : एकाच घरात एक करवंद आणि एक कण्हेर, असं कसं?

बाळूकाका
चालू ठेवा, काही होत नाही. आमच्या वडिलांनी दहा-बारा वर्षं खाल्ली. ८४ व्या वर्षापर्यंत शेतात जात होते. दारातलं झाड आहे, कारखान्यातलं औषध नव्हे.

चिकूपिकू
करवंद त्या कुळातलं? मला हे आज कळतंय. आम्ही टोपलीभर खायचो, तोडताना पांढरा चीक बोटांना चिकटायचा आणि मग घासलेटने पुसायचो. आधी अर्थात कोंबडा की कोंबडी! आत लाल निघालं की कोंबडा, पांढरट निघालं की कोंबडी. माझ्या भावाला नेहमी कोंबडाच कसा निघायचा याचा शोध अजून लागायचा आहे.

डॉ. केतकी
अबोलीताई, पानं थांबवा आणि आठवड्याभरात सासूबाईंची रक्ततपासणी करून घ्या. साखर तर बघाच, पण सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणीही करा. पांढऱ्या पेशी किती आहेत ते मला कळवा. घाबरू नका, पण टाळूही नका.

सविस्तर रात्री लिहिते, आता ओपीडी आहे.

ओंटारियोकर
डॉक्टर पांढऱ्या पेशींचंच का विचारतायत, ते मी सांगू शकतो, कारण ती गोष्ट मी राहतो त्या गावात घडली. आमचं गाव लंडन, पण कॅनडातलं. इथेही थेम्स नदी आहे, त्यामुळे आई अजून पत्ता सांगताना गोंधळते.

१९५२ साली टोरांटोच्या क्लार्क नोबल नावाच्या डॉक्टरांना जमैकातल्या एका रुग्णाने पाकिटातून पंचवीस पानं पाठवली. सदाफुलीची. तिकडे लोक मधुमेहावर त्यांचा काढा पीत. म्हणजे सातारच्या आजी आणि जमैकातली माणसं, एकमेकांना न विचारता एकाच झाडापाशी एकाच कारणासाठी पोचली. क्लार्क यांनी ती पानं भावाकडे दिली. रॉबर्ट नोबल इथल्या वेस्टर्न ओंटारियो विद्यापीठात संशोधन करत. त्यांनी उंदरांना काढा पाजला. साखर तसूभरही हलली नाही. मग अर्क टोचला, तर उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मेले. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या.

दुसऱ्या कुणी तो प्रयोग फसला म्हणून टाकून दिला असता. नोबल यांनी उलटं पाहिलं : ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तिथे हे चालेल का? १९५४ मध्ये चार्ल्स बीअर हे रसायनतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले आणि १९५८ पर्यंत शुद्ध द्रव्य हातात आलं. तेच विनब्लास्टिन, कॅन्सरवरचं औषध. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीतही सदाफुलीवर काम चालू होतं. तिथून विनक्रिस्टिन निघालं, ते १९६३ मध्ये वापरात आलं.

याच क्लार्क नोबलांची आणखी एक गोष्ट. १९२१ मध्ये इन्सुलिनच्या प्रयोगांत बँटिंगचा मदतनीस कोणी व्हायचं यासाठी त्यांच्यात आणि चार्ल्स बेस्टमध्ये नाणेफेक झाली. नोबल हरले. तीस वर्षांनी मधुमेहाचीच पानं त्यांच्या टपालात आली.

निशिगंध
काय सुरेख लिहिलंय. वाचनखूण साठवली.

बाळूकाका
उंदरांना टोचलं आणि माणसाने चावलं यात फरक आहे ना? वडिलांना काहीच झालं नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रसायनी
बाळूकाकांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. मी औषधी वनस्पतींच्या अर्कांवर काम करते, म्हणून हिशेब मांडते. एक ग्रॅम विनब्लास्टिन काढायला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. म्हणजे एका ग्रॅम वाळल्या पानातून हाती येतं दोन मायक्रोग्रॅम. तीन ताज्या पानांचा वाळवून एक ग्रॅमही होत नाही. तेव्हा तीन पानांनी कॅन्सरच्या औषधाचा डोस पोटात जातो, ही भीती खरी नाही.

पण म्हणून पान निरुपद्रवी ठरत नाही. सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतींतली द्रव्यं, सापडली आहेत. त्यांतलं अजमॅलिसिन रक्तवाहिन्या सैल करतं, रक्तदाब उतरवतं. उंदरांवरच्या नंतरच्या काही प्रयोगांत अर्काने साखर उतरल्याचंही दिसलंय. सासूबाई आधीच गोळ्या घेतात. रोजच्या पानात काय किती आहे हे झाडाला माहीत, त्यांना नाही. पावसाळ्यातलं कोवळं पान आणि मे महिन्यातलं निबर पान सारखं नसतं. माझ्या दृष्टीने खरा धोका हा बेभरवशाचा डोस आहे.

पानाची रचना तर थक्क करणारी आहे. विनब्लास्टिन दोन तुकडे जुळून बनतं, विंडोलिन आणि कॅथरॅन्थिन. झाड विंडोलिन पानाच्या आत ठेवतं आणि कॅथरॅन्थिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात पाठवतं. दोन्ही क्वचितच भेटतात, म्हणून तर ५०० किलो पानं लागतात. २०२२ मध्ये हे दोन्ही तुकडे यीस्टकडून बनवून घेण्यात यश आलं. त्यासाठी यीस्टमध्ये झाडाची तीसेक जनुकं घालावी लागली.

पर्णिका
लेकीच्या प्रश्नाला मी हात घालते. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि हे माझं सगळ्यांत लाडकं कुळ आहे.

ॲपोसायनेसी, आपण कण्हेर कुळ म्हणूया. जगभरात सुमारे ५,००० जाती, बहुतेक उष्ण प्रदेशात. जवळजवळ सगळ्यांना चीक. आमच्या आधीच्या पिढ्या कण्हेर कुळ आणि रुई कुळ वेगवेगळं शिकल्या. रॉबर्ट ब्राऊनने १८१० मध्ये ते वेगळे केले होते आणि कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशातही वेगळेच आहेत. पुढे डीएनए पाहिल्यावर कळलं की रुईची मंडळी कण्हेरीच्याच झाडाची एक शेंड्याकडची फांदी आहे. त्यामुळे घर पुन्हा एक झालं.

या कुळाच्या जुन्या फांद्यांवर सदाफुली, सर्पगंधा, तगर, सातवीण. यांची खासियत इंडोल अल्कलॉइड. ट्रिप्टामिन आणि सेकोलोगॅनिन ही दोन द्रव्यं जोडून स्ट्रिक्टोसिडिन बनतं, आणि त्या एका रेणूपासून शेकडो वाटा फुटतात. सिंकोनाचं क्विनिन आणि कुचल्याचं स्ट्रिक्निनही याच वाटेचं. ती झाडं शेजारच्या कुळांतली, म्हणजे ही पाककृती कण्हेर कुळाच्याही आधीची आहे.

नव्या फांद्यांवर ही कृती जवळजवळ सुटली आणि दुसरी शस्त्रं आली. कुड्यात स्टेरॉइडी अल्कलॉइड, कण्हेर आणि रुईत हृदयावर काम करणारे ग्लायकोसाइड. आणि एक गंमत सांगायलाच हवी : आपण जिला पिवळी कण्हेर किंवा बिट्टी म्हणतो ती मध्य अमेरिकेकडून आलेली, आणि नात्याने कण्हेरीपेक्षा चाफ्याला जवळची. विष मात्र कण्हेरीच्याच जातीचं. दूरच्या दोन फांद्यांनी एकच युक्ती स्वतंत्रपणे शोधली असावी.

करवंद गोड का? कारण ते प्राण्यासाठी पिकवलेलं फळ आहे. कण्हेर, कुडा, रुई यांच्या बिया केसाळ, वाऱ्यावर जातात. आपण जिला म्हातारी म्हणून पकडत धावायचो तीच. त्यांना कुणी खायला नको आहे. करवंदाला पक्ष्यांनी, कोल्ह्यांनी बी न्यायला हवी, म्हणून पिकताना चीक कमी होतो आणि गोडवा येतो. कच्च्या करवंदाचा चीक आणि पिकल्याचा चीक आठवून बघा. आणि गोड आहे ते फळ, मुळी नव्हे. करवंदाच्या मुळीत हृदयावर काम करणारी द्रव्यं आहेतच.

चिकूपिकू
वा! म्हणजे कोंबडाही खरा आणि विषही खरं.

पण बिट्टीचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही लहानपणी बिट्ट्या गोळा करून गजग्यांसारखं खेळायचो.

डॉ. केतकी
चिकूपिकू, खेळू देऊ नका, आजही देऊ नका. बिट्टीची बी या कुळातल्या आपल्या दारातल्या सगळ्यांत घातक गोष्टींपैकी आहे. पेशींमध्ये सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणारा एक पंप असतो. कण्हेर, बिट्टी, रुई यांची ग्लायकोसाइड तो पंप अडवतात. हृदयाचे ठोके आधी मंदावतात, मग विस्कटतात. मुलाने बी चघळली अशी नुसती शंका आली तरी मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. सरळ ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या, आणि सोबत झाडाची फांदी न्या. डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाविरुद्धच्या प्रतिपिंडांचं औषध यावर चालतं, हे श्रीलंकेतल्या चाचणीने २००० साली दाखवलं. पण ते महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही.

आता सदाफुली. विनब्लास्टिन, विनक्रिस्टिन पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला धरतात. पेशी दुभंगताना ज्या सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो तो उभाच राहत नाही आणि पेशी अर्ध्यात अडकून मरते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी आधी मरतात, कॅन्सरच्याही आणि रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतल्याही. म्हणून मी सीबीसी सांगितली. रसायनीताईंचा हिशेब मला मान्य आहे, तपासणी नॉर्मल येण्याचीच शक्यता जास्त. तरीही ७१ व्या वर्षी, वर्षभर रोज घेतलंय म्हटल्यावर मी बघितल्याशिवाय सोडणार नाही.

शुभंकर_बाबा
एरवी मी फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या मुलाला पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला विनक्रिस्टिन होतं. औषध सदाफुलीचं आहे हे तिथल्या एका सिस्टरनी सांगितलं. दर वेळी दोन सिस्टर यायच्या. एक पिशवीवरचं नाव मोठ्याने वाचायची, दुसरी कागदाशी ताडायची. पिशवीवर लिहिलेलं असे की हे फक्त शिरेतूनच द्यायचं, दुसऱ्या मार्गाने दिल्यास जीवघेणं. त्याच दिवसांत पाठीतूनही एक वेगळं इंजेक्शन असायचं. दोन्हींची अदलाबदल होऊ नये म्हणून हे औषध सिरिंजमध्ये न भरता लहान पिशवीतून देत. मी दर वेळी ते वाचन ऐकायचो आणि त्या दोघींचा आवाज थांबेपर्यंत श्वास घेत नसे.

तिसऱ्या-चौथ्या डोसनंतर त्याची पावलं सैल पडली. जिना चढताना चप्पल निघायची. पोट साफ व्हायचं नाही, रडायचा. डॉक्टर म्हणाले, नसांवर परिणाम होतो, बहुतेक मुलांचा हळूहळू भरून येतो. त्याचा आला. आता तो बारावीत आहे, उंचीने मला मागे टाकलंय.

या झाडाबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. म्हणूनच कुणी सहज म्हणून ते चावतं तेव्हा मला राहवत नाही. अबोलीताई, सासूबाईंना माझ्या वतीने हात जोडून सांगा.

निशिगंध
शुभंकर_बाबा, मुलाला खूप आशीर्वाद.

बाळूकाका
शुभंकरचे बाबा, तुमचं वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ. मुलगा सुखात राहो. माझा आग्रह मी मागे घेतो. वडिलांना बाधलं नाही एवढंच मला ठाऊक आहे. ते पानांमुळे जगले असं काही मी म्हणू शकत नाही.

सह्यभटक्या
सदाफुलीचं झालं, आता माझ्या कुड्याबद्दल कुणीतरी बोला. मी राजापूरकडचा. आमच्याकडे पोट बिघडलं, आव पडली की कुड्याची साल ताकात उगाळून देतात. आजीपासून चालत आलंय. शेंगांची भाजीही होते, कडू असते पण एकदा जिभेला लागली की लागली. माझ्या वाडीत कुडा आहे, गेली पाच-सहा वर्षं मी त्याचीच साल वापरतो. पण हल्ली गुण येत नाही. साल जुनी होते का?

पर्णिका
सह्यभटक्या, आधी झाड कुठलं ते बघा. पांढरा कुडा आणि काळा कुडा ही दोन वेगळी झाडं, कुळ एक असलं तरी फांद्या दूरच्या. आवेवर चालतो तो पांढरा, त्यात कोनेसिन हे अल्कलॉइड आहे. कुटजारिष्ट हे आयुर्वेदिक औषध त्याचंच आणि कडू इंद्रजव म्हणजे त्याच्याच बिया. काळ्याचं बी ते गोड इंद्रजव. काळ्याच्या मऊ लाकडाची चन्नपट्टणला खेळणी करतात. सालीच्या व्यापारात दोन्हींची सरमिसळ सर्रास होते.

ओळख सोपी आहे. काळ्याच्या फुलात मध्यभागी झालर असते, पांढऱ्याच्या नसते. फुलं गेली असतील तर शेंगा बघा : दोन्हींना जोडीने येतात, पण काळ्याच्या जोडीची टोकं एकमेकांना जुळलेली असतात, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात.

सह्यभटक्या
रविवारी घरी जातोय. फोटो टाकतो.

नेत्रा_म
रुईबद्दल एक सावधगिरी. माझे सासरे दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करतात. एकदा पान खुडताना चीक डोळ्यात उडाला. दुखलं नाही म्हणून पाण्याने धुऊन माळ पूर्ण केली. संध्याकाळी सगळं धुक्यातून दिसायला लागलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, हा चीक बुबुळाच्या आतल्या थरापर्यंत पोचतो आणि अनेकदा दुखतच नाही, म्हणून माणूस उशिरा येतो. औषधांनी आठवड्याभरात दृष्टी परत आली. आता ते पानं आदल्या दिवशी खुडून ठेवतात आणि चश्मा लावतात.

रानवेडी
रुई म्हटली की मला बिबळ्या कडवा हे फुलपाखरू आठवतं. रुईवर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसते ती त्याचीच. चिकातलं विष अंगात साठवते, फुलपाखरू झाल्यावरही ते राहतं, पक्षी एकदा तोंड घालतो आणि पुन्हा नाव काढत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला पंप या अळीतही आहे, पण त्याच्या प्रथिनात दोन-तीन जागी बदल झालेत, म्हणून विष तिथे बसत नाही. अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचे हे बदल २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी साध्या फळमाशीत घातले, आणि तीही ते विष पचवायला लागली.

पावसाळ्याच्या शेवटी माळावर खुळखुळ्याच्या झुडपांवर ही फुलपाखरं झुंडीने बसलेली पाहिली असतील. ती तिथे मधासाठी नसतात. नर वाळक्या पानाखोडांतलं पायरोलिझिडिन नावाचं अल्कलॉइड चोखतात, त्यापासून मादीला रिझवण्याचा गंध बनवतात. कण्हेर कुळाच्या नव्या फांद्यांच्या पूर्वजाकडेही हेच अल्कलॉइड बनवायचं जनुक होतं, असं २०१८ मध्ये दिसलं. पुढे अनेक वंशजांनी ते टाकून दिलं. एक तर्क असा की फुलपाखरांनी त्या विषाची चटक लावून घेतली, मग झाडाला ते बनवणं म्हणजे शत्रूला जेवायला बोलावणं झालं. तर्क आहे, पण मला तो फार पटतो. झाडाने सोडलं, फुलपाखराने नाही सोडलं.

चिकूपिकू
सासरचं जेवण आवडलं म्हणून स्वयंपाकीण बदलली तरी जावईबापू येतच राहिले!

निशिगंध
सातविणीबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या सोसायटीसमोर रांगच आहे. ऑक्टोबरमध्ये रात्री खिडकी उघडता येत नाही, डोकं चढतं.

रानवेडी
मला तो वास आला की थंडी आली असं वाटतं. पण तुमची तक्रारही रास्त आहे. जंगलात एखादं झाड शोभतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शंभर लावली की दोष झाडाचा राहत नाही.

डॉ. केतकी
सर्पगंधेचा उल्लेख केल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये. मुंबईच्या केईएममधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं झालं. त्याआधी १९३१ मध्येच सलीमुझ्झमान सिद्दिकींनी दिल्लीत अजमॅलिन काढून त्याला हकीम अजमल खानांचं नाव दिलं होतं. आजही हृदयाच्या एका आनुवंशिक दोषाची तपासणी अजमॅलिन देऊन करतात. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येते असं दिसलं. ते मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्यं रिकामी करतं. नैराश्य आणि ही द्रव्यं यांचा संबंध असावा, या विचाराला त्यातून बळ मिळालं.

आपल्याकडे मुळी होती, अनुभवही होता. डॉ. वकील यांनी डोस मोजला, रुग्ण मोजले, दुष्परिणाम लिहून ठेवले. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो या मोजण्यासाठी.

अबोली
कळवायला उशीर झाला, माफ करा. सासूबाईंची तपासणी झाली. पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत. साखर पानं खाऊनही होती तिथेच आहे, डॉक्टरांनी गोळी बदलली. शुभंकरच्या बाबांचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी उठले तर त्या सदाफुलीला पाणी घालत होत्या, पान तोडलं नव्हतं. मग त्यांनीच शेजारच्या आजींना हाक मारली आणि कट्ट्यावर बसून अर्धा तास सगळं समजावलं, उंदरांसकट.

लेकीच्या प्रकल्पात आता म्हातारीचं बी आणि करवंदाचं बी शेजारी शेजारी चिकटवलंय. पर्णिकाताई, तुमचे खूप आभार.

डॉ. केतकी
छान झालं. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे सरासरी साखरेची तपासणी करा.

सह्यभटक्या
फोटो चढत नाहीये, लिहूनच सांगतो. वाडीतल्या झाडाच्या सगळ्या शेंगा टोकाला जुळलेल्या आहेत, एकूण एक. काळा कुडा. आजी साल आणायची ते झाड हे नव्हेच. आईला विचारलं तर म्हणाली, ते ओढ्याच्या वरच्या अंगाला, पायवाट मोडली म्हणून तिकडे कुणी जात नाही. मी आत्ताच कोयता घेऊन जाऊन आलो. शेंगा दोन-दोन, लांब, सुट्या लोंबतायत. साल काढली नाही. आधी वैद्यांना दाखवतो.